संगणक लॉक झाल्याचा खोटा इशारा आणि त्यावरचा फोन नंबर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात राहणारे तुमचे निवृत्त वडील जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर (तो संगणकाला जोडून चालवणारा प्रोग्रॅम) शोधत होते. एका संकेतस्थळावर क्लिक करताच लॅपटॉपची संपूर्ण स्क्रीन निळ्या इशाऱ्याने व्यापली, कर्कश आवाज सुरू झाला, 'संगणक बंद करू नका, तुमची माहिती चोरली जात आहे' असे एक बाई इंग्रजीत सांगू लागली, माउसचा बाण दिसेनासा झाला आणि मधोमध 'मायक्रोसॉफ्ट सपोर्ट' म्हणून एक टोल-फ्री नंबर झळकत राहिला. वडिलांनी त्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या माणसाने एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचा संगणक लांबून हाताळण्याचा प्रोग्रॅम, डाउनलोड करायला लावला, पाऊण तास लॅपटॉप हाताळला, काळ्या खिडकीत काहीतरी दाखवून घाबरवले आणि पाच वर्षांच्या 'सुरक्षा योजने'साठी 14,999 रुपये मागितले. कार्डचा नंबर देण्याआधी वडिलांनी तुम्हाला विचारले आणि तुम्ही लॅपटॉप बंद करायला सांगितले. आता लॅपटॉप फॉरमॅट करायलाच हवा का, असा इशारा खरा की खोटा हे कसे ओळखायचे आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी ठाण्यात घरगुती वापराचे आणि लहान कार्यालयांचे संगणक दुरुस्त करण्याचे व सांभाळण्याचे काम करतो. अशा रीतीने परक्याने हाताळलेले लॅपटॉप माझ्याकडे नेहमी येतात, त्या अनुभवावरून लिहितो आहे.

तुमच्या प्रश्नात दोन निराळ्या घटना एकत्र झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या कराव्या लागतील. स्क्रीनवर दिसलेला इशारा ही एक घटना आणि फोन केल्यानंतर लॅपटॉपमध्ये शिरलेला माणूस ही दुसरी. पहिल्या घटनेने लॅपटॉपचे काहीही बिघडलेले नसते. तो इशारा म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेले एक साधे वेबपान असते, आणि ब्राउझर व विंडोज अद्ययावत असतील तर असे पान तुमच्या फायलींना हात लावू शकत नाही, काही चोरू शकत नाही आणि संगणक लॉकही करू शकत नाही. दुसरी घटना मात्र गंभीर आहे, कारण तिथे वडिलांनी स्वतःच्या हाताने एका अनोळखी माणसाला आत घेतले. इशारा आल्यावर संगणक बिघडला असे समजून लोक घाबरतात, आणि तो माणूस फोन ठेवून गेला की सगळे ठीक झाले असे समजून निश्चिंत होतात. प्रत्यक्षात काळजी करण्याची वेळ नेमकी उलट असते.

ते पान संगणक लॉक झाल्यासारखे का दिसते, हे एकदा समजून घेतले तर त्याची भीती बरीच कमी होते. यूट्यूबवरचा व्हिडिओ जसा पूर्ण स्क्रीनभर मोठा करता येतो, तीच सोय हे पान वापरते. तुम्ही पानावर कुठेही एकदा क्लिक केले की ते फुल स्क्रीन होते, वरची पत्त्याची पट्टी आणि खालचा टास्कबार झाकला जातो, आणि आपण ब्राउझरमध्ये आहोत ही खूणच नाहीशी होते. मग त्या जागी विंडोज सिक्युरिटीच्या, म्हणजे विंडोजमध्येच असलेल्या व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या, खिडकीचे हुबेहूब चित्र दाखवले जाते आणि तपासणी चालू असल्याचा देखावा करणारी पट्टी सरकत राहते. माउसचा बाण लपवणे ही वेबपान लिहिणाऱ्याला सहज जमणारी गोष्ट आहे. आवाज ही आधी रेकॉर्ड केलेली फाइल असते. काही पाने तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक), शहराचे नाव आणि इंटरनेट कंपनीचे नावही दाखवतात, आणि 'सातारा' हे नाव वाचून माणसाला वाटते की यांना आपली सगळी माहिती आहे. ही माहिती कोणत्याही संकेतस्थळाला आपोआप मिळतेच. तिच्यासाठी तुमच्या संगणकात शिरावे लागत नाही. त्रुटीचा क्रमांकही शोभेचा असतो. '268डी3' हा आकडा गेली कित्येक वर्षे अशा पानांवर फिरतो आहे आणि त्याचा विंडोजशी काहीही संबंध नाही.

अशा पानावर माणूस स्वतः जात नाही, त्याला तिथे नेऊन सोडले जाते. एखाद्या बऱ्यापैकी संकेतस्थळावरची विकत घेतलेली जाहिरात, पत्ता टाइप करताना चुकलेले एखादे अक्षर, फुकट सिनेमे किंवा ड्रायव्हर देणारी पाने आणि 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे सांगून मिळवलेली नोटिफिकेशनची परवानगी, हे त्याचे नेहमीचे मार्ग आहेत. शेवटचा प्रकार विशेष त्रासदायक आहे. त्या परवानगीनंतर ब्राउझर साधा उघडा असला तरी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' अशा चिठ्ठ्या येत राहतात, आणि त्या विंडोजकडूनच आल्या आहेत असे वाटते. माझ्याकडे 'सारखा व्हायरस येतो' म्हणून आणलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हायरस नसतोच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या एका संकेतस्थळाची परवानगी काढली की तक्रार संपते.

आता ओळखायचे कसे. माझ्या मते सामान्य वापर करणाऱ्याला एकच कसोटी पुरते, ती म्हणजे फोन नंबर. मायक्रोसॉफ्टने स्वतः अनेकदा जाहीर केले आहे की त्यांच्या खऱ्या त्रुटी-संदेशांवर आणि इशाऱ्यांवर कधीही फोन नंबर नसतो, आणि ते स्वतःहून कुणाला फोन करून संगणकातील बिघाड कळवत नाहीत. विंडोजची खरी बिघाडाची स्क्रीन (जुन्या आवृत्त्यांत निळी, अलीकडच्या विंडोज 11 मध्ये काळी) आली तर तिच्यावर बिघाडाचे नाव असते, ती बोलत नाही, आणि थोड्या वेळाने संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. विंडोज सिक्युरिटीला खरोखर काही सापडले तर कोपऱ्यात छोटी सूचना येते; ती दाबल्यावर उघडणारी खिडकी हा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो, त्याला पत्त्याची पट्टी नसते, आणि तिथे ती फाइल काढून टाकण्याचे बटण तुमच्याच हाती असते. क्रोम किंवा एज हे ब्राउझर धोकादायक संकेतस्थळाआधी पूर्ण लाल पान दाखवतात तेही खरे असते, पण त्या पानावर मागे फिरण्याचे बटण ठळक असते. खरा इशारा तुम्हाला धोक्यापासून दूर जाऊ देतो. जो इशारा पानावरून हलूच देत नाही आणि वर बोलायला नंबर देतो, तो खोटा असतो.

याला एक अपवाद सांगणे मला आवश्यक वाटते. रॅन्समवेअर नावाचा खरा प्रकार आहे, ज्यात फायली खरोखर कुलूपबंद होतात. पण तो ओळखणे कठीण नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी तुमचे फोटो आणि कागदपत्रे उघडत नाहीत, फायलींच्या नावांपुढे विचित्र शेपटी जोडलेली असते आणि फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी असते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर सगळे पूर्ववत दिसत असेल, तर जे दिसले ते वेबपानच होते.

असे पान समोर असताना काय करायचे, तर कीबोर्डवरचे एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचे. नुसते एकदा दाबून उपयोग होत नाही, कारण पान त्या बटणाचा साधा दाब अडवू शकते. दाबून धरल्यावर मात्र क्रोम आणि एज फुल स्क्रीनमधून बाहेर येतात आणि पत्त्याची पट्टी दिसते. मग टॅब बंद करायचा. तेवढ्याने जमले नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि त्यात ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करायचे. त्या तीन बटणांवर कोणत्याही वेबपानाचा ताबा चालत नाही. हेही सुचले नाही तर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरून लॅपटॉप सरळ बंद करावा. एरवी मी असे बंद करू नका म्हणून सांगतो, पण फोन करण्यापेक्षा ते कितीतरी बरे. नंतर ब्राउझर उघडताना 'आधीची पाने परत उघडू का' असे विचारले जाईल, तेव्हा नको म्हणायचे, नाहीतर तेच पान पुन्हा समोर येते.

वडिलांनी फोन केल्यानंतर त्यांना जे दाखवले गेले त्याविषयी सविस्तर लिहितो, कारण शिकलेली, हिशेबी माणसेही इथेच फसतात. इशारा पाहून मनात शंका असतेच, पण स्वतःच्याच संगणकावर डोळ्यांदेखत 'पुरावा' दिसला की ती शंका विरून जाते. त्यासाठी ही मंडळी विंडोजमध्येच असलेली, पूर्णपणे निरुपद्रवी साधने वापरतात.

पहिले साधन इव्हेंट व्ह्यूअर. तुमच्या स्वतःच्या, काहीही बिघाड नसलेल्या संगणकावर स्टार्टमध्ये हे नाव टाइप करून उघडा, डावीकडे 'कस्टम व्ह्यूज' आणि त्याखाली 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स' निवडा. लाल फुल्या आणि पिवळ्या त्रिकोणांची लांबलचक यादी दिसेल, आणि तिच्यात 'डिस्ट्रिब्युटेडकॉम', क्रमांक 10016 ही नोंद बहुधा पुन्हा पुन्हा आढळेल. विंडोज चालू असताना एखाद्या घटकाला दुसऱ्याची परवानगी मिळाली नाही, एखादी सेवा उशिरा सुरू झाली, अशा बारीकसारीक गोष्टींची ती रोजनिशी असते, आणि 10016 ही नोंद दुर्लक्ष करण्याजोगी आहे असे मायक्रोसॉफ्टनेच म्हटले आहे. पण फोनवरचा माणूस म्हणतो, 'सर, खाली सरकवत राहा आणि लाल किती दिसतात ते मोजा.' मोजता मोजता माणूस गार होतो.

दुसरे साधन काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट. त्यात 'ॲसॉक' हा आदेश दिला की कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची याची यादी येते. तिच्या अखेरीजवळ महिरपी कंसात 888डीसीए60 ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक दिसतो. फोनवरचा माणूस तोच क्रमांक आपल्याकडच्या कागदावरून वाचून दाखवतो आणि सांगतो की हा तुमच्या संगणकाचा खास परवाना क्रमांक आहे, तो आमच्याकडे नोंदलेला आहे, यावरून आम्ही मायक्रोसॉफ्टचे आहोत हे ओळखा. तो क्रमांक जगातल्या जवळपास प्रत्येक विंडोज संगणकावर हाच असतो. तुमच्या आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर करून पाहा. 'नेटस्टॅट' हा आदेश इंटरनेटवरची चालू जोडणी दाखवतो. त्यात 'फॉरेन ॲड्रेस' असा रकाना असतो आणि त्याचा अर्थ दुसऱ्या टोकाचा पत्ता एवढाच असतो, पण परदेशातले हॅकर तुमच्या संगणकाला जोडलेले आहेत असे भासवायला तो शब्द फार सोयीचा ठरतो. 'ट्री' हा आदेश तर केवळ फोल्डरांची नावे भराभर ओळीने छापतो. ती धावत असतानाच हा माणूस पुढचा मजकूर टाइप करून ठेवतो, आणि यादी थांबली की शेवटी 'व्हायरस फाउंड, नेटवर्क हॅक्ड' अशी ओळ उमटते. ती संगणकाने लिहिली असे समोरच्याला वाटते. तुमच्या वडिलांनी पाहिलेली काळी खिडकी बहुतेक हीच असावी.

माझा आग्रह आहे की पुढच्या खेपेला साताऱ्याला जाल तेव्हा वडिलांच्या शेजारी बसून या गोष्टी त्यांना तुमच्या लॅपटॉपवर करून दाखवा. ज्याने ही हातचलाखी स्वतः एकदा करून पाहिली, त्याच्यावर तिचा परिणाम होत नाही, आणि आपण मूर्ख ठरलो ही टोचणीही जाते. मायक्रोसॉफ्टने 2021 मध्ये अनेक देशांत या फसवणुकीविषयी पाहणी केली होती. तिच्यात भारतातल्या 69 टक्के लोकांनी गेल्या वर्षभरात असा प्रकार अनुभवल्याचे सांगितले, आणि अशा सापळ्यात पुढे जाऊन पैसे गमावणाऱ्यांत तरुणांचे प्रमाण वयस्करांपेक्षा जास्त होते. तेव्हा 'या वयात तुम्ही इंटरनेटच्या नादी लागू नका' असे वडिलांना कुणी सुनावत असेल तर ते अन्यायाचे आहे.

पलीकडची माणसे बऱ्याचदा आपल्याच देशात बसलेली असतात. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारीवरून गुरुग्राम आणि नोएडा येथील अशा अनेक कॉल सेंटरांवर पोलिसांनी छापे घातले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-2' मध्ये 76 ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांतील काही प्रकरणे ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरूनच उभी राहिली होती. आमच्या ठाणे जिल्ह्यात मीरा रोडला 2016 मध्ये उघडकीस आलेली कॉल सेंटरे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या नावाने धमकावणारी होती. विषय वेगळा असला तरी कामाची पद्धत हीच. म्हणून तिकडून बोलणारा माणूस सौजन्याने, हिंदीत किंवा आपल्या कानाला सवयीच्या इंग्रजीत बोलतो, यूपीआय आणि ओटीपी कसे चालतात हे त्याला नीट ठाऊक असते, आणि 'हा परदेशी भामटा नाही' असे वाटून आपली माणसे विश्वास ठेवतात.

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत याच फसवणुकीचे दुसरे रूप जास्त दिसते. काही महिन्यांनी फोन येतो की आमची सेवा बंद होत आहे, तुमचे पैसे परत करायचे आहेत. बँकेचे पान उघडायला लावून, ब्राउझरमध्येच असलेल्या विकसकांच्या साधनाने पानावरचा शिलकीचा आकडा बदलला जातो, आणि चुकून जास्त पैसे गेले, माझी नोकरी जाईल, अशी रडारड सुरू होते. 'परतफेड' गिफ्ट कार्डांनी मागितली जाते. तो आकडा फक्त स्क्रीनवर बदललेला असतो. पान पुन्हा लोड केले की खरी शिल्लक दिसते.

आता तुमचा पहिला प्रश्न, म्हणजे लॅपटॉपचे काय करायचे. याचे उत्तर त्या पाऊण तासात काय घडले यावर अवलंबून आहे, म्हणून वडिलांना शांतपणे काही गोष्टी विचारा. स्क्रीन मध्येच काही काळ पूर्ण काळी झाली होती का, कारण एनीडेस्कमध्ये समोरच्याची स्क्रीन झाकून काम करण्याची सोय आहे. वडील उठून पाणी प्यायला किंवा बँकेचे पासबुक आणायला गेले होते का. नेट बँकिंग किंवा ईमेल उघडे होते का. त्याने काही नवीन प्रोग्रॅम टाकला का, एखादा पासवर्ड 'सेट' केला का, मोबाइलवर काही ॲप घ्यायला सांगितले का. ब्राउझरमध्ये बँकेचे पासवर्ड साठवलेले आहेत का.

या सगळ्याची उत्तरे ठाम 'नाही' असतील, वडील सतत स्क्रीनकडे बघत असतील आणि त्याने वर सांगितलेला देखावाच केला असेल, तर एनीडेस्क काढून टाकणे, सेटिंग्जमधल्या ॲप्सची यादी तारखेनुसार लावून त्या दिवशी आलेले सर्व काढणे आणि विंडोज सिक्युरिटीमधील ऑफलाइन स्कॅन चालवणे एवढ्यावर भागू शकते. पण वडिलांना नीट आठवत नसेल, किंवा मध्येच स्क्रीन काळी झाली असेल, तर मी माझ्या ग्राहकांना विंडोज नव्याने टाकायलाच सांगतो. पाऊण तास हा मोठा वेळ आहे. काही मंडळी जाताना दुसरेच एखादे रिमोट साधन ठेवून जातात किंवा एनीडेस्कमध्ये कायमच्या प्रवेशाचा पासवर्ड लावून जातात, म्हणजे नंतर कुणी परवानगी न देताही आत येता यावे. तुमच्या ठिकाणी मी असतो तर फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या ड्राइव्हवर घेऊन, प्रोग्रॅमच्या फायली अजिबात न घेता, 'रीसेट धिस पीसी' मधून सर्व पुसून विंडोज क्लाउडवरून, म्हणजे इंटरनेटवरून, पुन्हा घेतले असते. त्याला एक दुपार लागते, पण नंतर मनात शंका राहत नाही.

पुसण्याआधी एक काम मात्र करा, कारण ते नंतर करता येत नाही. इंटरनेट बंद ठेवून लॅपटॉप सुरू करा आणि एनीडेस्कच्या फोल्डरमधील 'कनेक्शन ट्रेस' नावाची मजकूर फाइल शोधा. एनीडेस्क नीट इन्स्टॉल केले असेल तर ती 'प्रोग्रॅमडेटा'मध्ये असते, नुसते चालवले असेल तर वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा'मध्ये. तिच्यात आत आलेल्या जोडणीची तारीख, वेळ आणि पलीकडच्याचा एनीडेस्क क्रमांक असतो. ती फाइल, ब्राउझरच्या हिस्ट्रीत दिसणारा त्या पानाचा पत्ता आणि वडिलांच्या मोबाइलमधला कॉल केलेला नंबर, हे तिन्ही जपून ठेवा. पोलिसांकडे तक्रार करताना 'कुणीतरी फसवत होते' या वाक्यापेक्षा यांचे मोल पुष्कळ जास्त आहे.

पासवर्ड बदलायचे ते त्या लॅपटॉपवरून नव्हे, तुमच्या मोबाइलवरून, आणि सर्वांत आधी ईमेलचा, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच नव्याने मिळवता येतात. त्याच वेळी ईमेलच्या सेटिंग्जमध्ये कुणी परस्पर पत्रे पुढे पाठवण्याचा नियम टाकला नाही ना आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, हे पाहा. त्यानंतर बँक. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करा. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, कारण तिथे खोटे कस्टमर केअर नंबर जाहिरातींतून आणि नकाशावरच्या नोंदींतून पेरलेले असतात, आणि एका सापळ्यातून सुटलेली माणसे त्यामुळे दुसऱ्यात अडकताना मी पाहिली आहेत. नेट बँकिंगमध्ये नवीन लाभार्थी जोडलेला आहे का, व्यवहाराची मर्यादा वाढवली आहे का, आणि निवृत्त माणसांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एखादी मुदत ठेव मोडली आहे का किंवा पूर्वमंजूर कर्ज उचलले आहे का, हे तपासा. बचत खात्यात फार पैसे नसले म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ठेव ऑनलाइन मोडून तीच रक्कम बचत खात्यात आणता येते आणि तिथून पुढे पाठवता येते.

तुमच्या बाबतीत पैसे गेलेले नाहीत, तरी हे वाचणाऱ्या कुणाचे गेले असतील तर त्यांच्यासाठी लिहितो. 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. हाताशी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, नेमकी वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचे नाव असावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे हलवले जातात. तक्रार लवकर पोहोचली तर वाटेतल्या एखाद्या खात्यात ते रोखून धरता येतात, आणि काही तास उलटले की ही शक्यता फार कमी होते. त्याबरोबर बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने असे ठरवले की बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कुणामुळे व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीही भार येऊ नये. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र बँक निष्काळजीपणाचा मुद्दा काढते, आणि त्या परिपत्रकाप्रमाणे कळवण्याआधीचा तोटा ग्राहकाला सोसावा लागतो. कळवल्यानंतर झालेला तोटा बँकेचा. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर असणे फार महत्त्वाचे आहे. घरात बोलणी खावी लागतील या भीतीने कित्येक जण दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि पैसे खरोखर जातात ते त्या दोन दिवसांत.

हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, यात मी थोड्याच गोष्टींवर भर देतो. क्रोम किंवा एजच्या सेटिंग्जमध्ये कोणत्याही संकेतस्थळाला नोटिफिकेशनची परवानगी विचारू न देण्याचा पर्याय निवडा. जाहिराती अडवणारे चांगले एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बसवा. ही पाने जाहिरातींतून येत असल्याने त्याचा प्रत्यक्ष फायदा दिसतो. एजमध्ये आता 'स्केअरवेअर ब्लॉकर' नावाची सोय आली आहे, जी नेमकी अशी फुल स्क्रीन पाने ओळखून बाहेर काढते. ती चालू आहे ना हे प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये पाहा. वीजबिल, बँक, गॅस, प्रिंटरची कंपनी यांची खरी संकेतस्थळे बुकमार्क करून द्या, म्हणजे शोधायची वेळच येणार नाही. वडिलांसाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेले, म्हणजे संगणकात हवे ते बदल करण्याची पूर्ण मुभा नसलेले, साधे खाते करावे असा सल्ला बरेच जण देतात. तो चुकीचा नाही, पण एनीडेस्कसारखी साधने इन्स्टॉल न करताही चालतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. बँकेच्या ॲपमधून कार्डाचे आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार बंद ठेवता येतात आणि नेट बँकिंगची रोजची मर्यादा कमी करता येते. माणूस घाबरलेला असताना त्याचे पैसे वाचवणारी ही सर्वांत भक्कम तटबंदी आहे, असे माझे मत आहे.

आणि सराव करून घ्या. वडिलांच्या लॅपटॉपवर यूट्यूबचा व्हिडिओ फुल स्क्रीन करा आणि त्यांना एस्केप बटण दाबून धरायला सांगा. मग कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. बोटांना ती सवय लागली की घाबरलेल्या अवस्थेतही हात बरोबर जागी जातो. लॅपटॉपच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवा: 'नंबर दिसला तर फोन करायचा नाही. पॉवर बटण दाबून बंद करायचे आणि मला फोन करायचा', आणि खाली तुमचा नंबर. वडिलांनी पैसे देण्याआधी तुम्हाला विचारले, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट आहे, आणि त्यांना तसे सांगा. पुढच्या वेळीही त्यांनी विचारावे असे वाटत असेल तर या वेळचा अनुभव त्यांना अपमानाचा वाटता कामा नये.

शेवटी, येत्या काही आठवड्यांत त्यांना पुन्हा फोन येण्याची शक्यता मोठी आहे, कारण प्रतिसाद देणाऱ्यांचे नंबर ही मंडळी जपून ठेवतात आणि एकमेकांना विकतातही. कधी तोच 'इंजिनिअर' राहिलेले काम पूर्ण करायला फोन करील, कधी कुणी सायबर पोलिस असल्याचे सांगून चौकशीसाठी रिमोट ॲप उघडायला लावील, कधी पैसे परत देण्याचे आमिष दाखवील. वडिलांना आत्ताच कल्पना देऊन ठेवा, त्या फोनवर काहीही न बोलता तो ठेवून द्यायला सांगा, आणि प्रत्येक नवा नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेत नोंदवून तुमच्या तक्रारीच्या कागदांतही जोडून ठेवा.